वरचं दूध

वाघोली,
११ जानेवारी २०२४

प्रिय सबा,

फोनवर परवा तू पुन्हा "नंतर बोलू" म्हणालीस, म्हणून ही मेल. पत्रासारखी लिहितेय, कारण फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि मग ऐकत कोणीच नाही.

डिसेंबरात तू बाळंतिणीला बघायला आली होतीस. एका हातात तुझ्या अम्मीने, नसीमखालांनी, दिलेले डिंकाचे लाडू, दुसऱ्या हातात काचेच्या छोट्या बाटल्यांचा डबा. म्हणालीस, "पूर्णिमा, वाघोलीच्या बाजूच्या आया मिळेनात. तुझं थोडं दूध दे." उत्कर्षा तेव्हा जेमतेम महिन्याची होती आणि तिलाच पुरतंय की नाही या काळजीत मी होते. तरी दिलं. आईच्या दुधातून बाळाच्या पोटात कुठली रसायनं जातात, कीटकनाशकं किती, प्लास्टिकमधली किती, हे तुम्ही शोधणार होतात. मैत्रिणीचं काम, शिवाय चांगलं काम.

आता सरळ प्रश्न. माझ्या दुधात काय निघालं?

उगाच विचारत नाहीये. सातव्या महिन्यात मी सासरी, मळ्यातल्या घरी होते. चुलत सासऱ्यांनी फ्लॉवरवर फवारणी केली की खिडक्या लावूनही वास घरात यायचा. भाजी त्याच मळ्यातली. त्याआधीची कित्येक वर्षं ऑफिसात प्लास्टिकच्या डब्यात जेवण गरम करून खाल्लंय. हे सगळं गेलं कुठे? आपण एकाच बाकावर बसून केमिस्ट्री शिकलो. पुढे तू त्यात राहिलीस, मी सॉफ्टवेअर तपासायला गेले. पण चरबीत काय साठतं आणि तिथून दुधात काय उतरतं, एवढं माझ्याही लक्षात आहे.

तेव्हा आकडा कळव. ठकी उठली. (सासूबाई उत्कर्षाला ठकी म्हणतात, आता सगळेच म्हणतात.)

तुझी,
पूर्णिमा


हैदराबाद,
१४ जानेवारी

प्रिय पूर्णिमा,

तुझी मेल मिळाली. "नंतर बोलू" म्हणते, कारण इथल्या मशीनची पाळी आम्हाला मागून घ्यावी लागते आणि तू नेमकी तेव्हाच फोन करतेस. पुण्यात हे मशीन असतं तर मी कशाला इथे भाड्याच्या खोलीत आंबट वरण खात बसले असते?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: माहीत नाही. बाटल्यांवर नावं नाहीत, कोड आहेत. कुठला कोड कुणाचा हे मला कळू नये अशीच व्यवस्था आहे. आणि कळलं तरी सांगायला मनाई आहे. तू सही केलेल्या संमतीपत्रात ते लिहिलंय. तू न वाचता सही केलीस, मी समोरच होते.

नियम मूर्खपणाचा नाही. आईच्या दुधात अमुक रसायन इतकं असलं तर चालेल, तितकं असलं तर नाही, अशी पक्की रेघ आज जगात कोणाकडे नाही. मग नुसता आकडा हातात देऊन करायचं काय? आकडा कमी असो, जास्त असो, सल्ला एकच आहे: पाजत राहा. आईच्या दुधाने बाळाला जे मिळतं ते या सगळ्याच्या वर उरतं. हे मी तुझी समजूत घालायला लिहीत नाहीये, मला ते खरंच वाटतं.

आणि डब्यातलं दूध म्हणजे निर्मळ, असंही समजू नकोस. तेही कुठल्यातरी पाण्यात कालवावं लागतं आणि कशात तरी भरावं लागतं.

ठकीचा फोटो पाठव. अम्मी मागतेय.

सबा


वाघोली,
१७ जानेवारी

सबा,

उत्तर वाचलं. दोनदा वाचलं. त्यात माझं नाव काढून कुणाचंही घातलं असतं तरी चाललं असतं.

सल्ला बदलणारच नसेल तर आकडा सांगायला तुमचं काय जातं? आमच्याकडे टेस्टिंगमध्ये दोष सापडला आणि "सांगितलं तर ग्राहक घाबरेल" म्हणून कोणी तो दाबून ठेवला, तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. तुमच्याकडे त्याला नीतिनियम म्हणतात. दूध माझं. बाळ माझं. आकडा मात्र समितीचा!

आणि एक. तुला मी चौदा वर्षं ओळखते. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीवर घरमालकीण "काल मुलं आली होती का" विचारायची तेव्हा तुझ्या तोंडून खोटं निघायचं नाही. तू "खोलीत पाहुणे आणण्याबद्दल आपला काय नियम आहे?" असं उलट विचारायचीस. आजही तेच करतेयस. आकडा चांगला असता तर तू कसंही करून सांगितला असतास. नियम पुढे केलास तेव्हाच मी काय ते समजले.

पाजताना ठकी माझ्याकडे टक लावून बघते. तेवढा वेळ मी छताकडे बघते.

पूर्णिमा


हैदराबाद,
१८ जानेवारी

पूर्णिमा,

काहीही समजू नकोस. मला माहीत नाही म्हणजे माहीत नाही. चौदा वर्षांच्या ओळखीत एवढा विश्वास जमला नसेल तर पत्रं लिहून काय उपयोग?

ठकीचं वजन वाढतंय? शू-शी व्यवस्थित आहे? हसते? मग पाज. छताकडे नको बघूस, तिच्याकडे बघ.

मशीन बिघडलंय आणि दुरुस्तीवाला मुंबईहून यायचाय. अर्धे नमुने बर्फात पडून आहेत. माझंही डोकं ठिकाणावर नाही, त्यामुळे इथेच थांबते.

सबा


हैदराबाद,
१६ फेब्रुवारी

प्रिय पूर्णिमा,

महिना होत आला, तुझं काही नाही. अम्मीने दोनदा फोन केला तर तू उचलला नाहीस म्हणे. रागावली असशील तर तसं लिही. नसशील तर तुला पटलं असं धरून चालते.

मशीन सुरू झालं. ठकीचं कसं चाललंय? सुट्टी कधी संपतेय?

सबा


वाघोली,
१८ फेब्रुवारी

प्रिय सबा,

राग वगैरे नाही. वेळ नाही.

ठकी छान आहे. गालांवर बाळसं आलंय. एप्रिलपासून ऑफिस. आबा रोज सकाळी मळ्यातून स्वतः येतात, नातीला बघतात, सोबत विहिरीचं ताजं पाणी कॅनमधून घेऊन येतात. फ्लॅट झाल्यापासून आमच्याकडे त्यांचं येणं कमी झालं होतं, ते वाढलं. साईनाथ म्हणतो, "बाप माझ्यासाठी कधी एवढा लवकर उठला नव्हता." सासूबाई खूश, साईनाथ खूश.

पाजण्याबद्दल विचारू नकोस. सगळे तेच विचारतात.

नसीमखालांना सांग, आठवड्याभरात फोन करते.

पूर्णिमा


पुणे, हॉस्पिटलमधून
६ मार्च

सबा,

तुला खालांकडून कळलंच असेल. तरी मी लिहिते, म्हणजे तुला माझ्याकडून कळेल.

शनिवारी सकाळी ठकीचे ओठ मला वेगळे दिसले. जांभळट. वाटलं, थंडी. पाय चोळले, टोपी घातली. दुपारपर्यंत नखं आणि जिभेचा शेंडा राखेसारखा झाला. ती रडत नव्हती, नुसती मलूल पडून होती. साईनाथने गाडी काढली आणि नगर रोडच्या त्या गर्दीत मी पहिल्यांदा त्याला परक्या माणसांना हात जोडताना पाहिलं.

आयसीयूत ऑक्सिजन लावला. काहीच फरक नाही. आधी हृदयाला भोक असेल म्हणाले, इको केला, हृदय ठणठणीत. मग डॉक्टर बाईंनी रक्त काढलं. सबा, रक्त लाल नव्हतं. चॉकलेटी होतं. बाईंनी थेंबभर कापसावर घेतलं आणि थोडा वेळ हवेत धरलं. चॉकलेटीच राहिलं. त्यांनी वळून मला विचारलं, "बाळ अंगावर पितं की वरचं दूध?"

साईनाथ म्हणाला, "वरचं. महिना झाला."

"पाणी कुठलं?"

"विहिरीचं. आमच्या स्वतःच्या. उकळून घेतो."

"किती उकळता?"

मी म्हणाले, "चांगलं खळखळून. निम्मं होईपर्यंत."

बाईंनी डोळे मिटले. त्यांनी मला ओरडायला हवं होतं. त्या नर्सकडे वळून औषधाचं नाव सांगायला लागल्या.

शिरेतून निळं औषध दिलं. तासाभरात ओठ गुलाबी झाले. नंतर तिची शू हिरवी झाली, तर सासूबाई घाबरून ओरडल्या. नर्स म्हणाली, औषधाचा रंग आहे, आजी. आता ती ठीक आहे. उद्या-परवा घरी सोडतील.

विहिरीच्या पाण्यात नायट्रेट असणार, असं बाई म्हणाल्या. मोठ्या माणसांना ते पचतं. एवढ्या लहान बाळाचं रक्त त्याने प्राणवायू धरेनासं होतं. आणि अंगावरच्या दुधात ते जवळजवळ उतरतच नाही, हेही म्हणाल्या.

हो. मी जानेवारीच्या शेवटी पाजणं बंद केलं. तुझं अठराचं पत्र आलं आणि त्यानंतरच्या आठवड्यात. तुला सांगितलं नाही, कारण तू पुन्हा तेच वाक्य लिहिलं असतंस. महागातला डबा आणला. काचेच्या बाटल्या आणल्या, प्लास्टिक नको म्हणून. पाणी सोसायटीच्या नळाचं नको, टँकरचं असतं. म्हणून आबांना म्हणाले, आपल्या विहिरीचं आणाल का? मीच म्हणाले. तो टँकरही आबांचाच, त्याच विहिरीवर भरतो, हे मला माहीत असूनही! टँकरमधलं पाणी घाण आणि विहिरीतलं ते स्वच्छ, असं माझ्या डोक्यात कसं बसलं ते मला आता सांगता येत नाही.

एक आकडा सांगितला असतास तर हे झालं नसतं. कितीही वाईट असता तरी मी तो घेऊन कुठल्या तरी डॉक्टरकडे गेले असते, भांडले असते. तू मला रिकाम्या हाताने घरी पाठवलंस.

खाला रोज डबा घेऊन येतात. त्या काही विचारत नाहीत. बरं वाटतं.

पूर्णिमा


हैदराबाद,
७ मार्च

पूर्णिमा,

अम्मीने फोनवर ठकीचा आवाज ऐकवला. ती मध्येच ओरडते तसा. मी इथे लॅबच्या जिन्यात बसून ऐकला.

तू लिहिलंस ते सगळं मान्य करणार नाही. आकडा तुझ्या हातात असता तर तू पाजणं आठवडाभर आधी बंद केलं असतंस, असं मला अजून वाटतं. पण पाण्याबद्दल मी एक ओळ लिहिली आणि मोकळी झाले. "कुठल्यातरी पाण्यात" असं लिहिलं. तुझ्या घरातून टँकर निघतात हे मला माहीत होतं. तेव्हा "तुमच्याकडे कुठलं पाणी?" हे तीन शब्द मी लिहायला हवे होते.

आणखी एक, जे मी तुला लिहिलं नव्हतं. तुझ्या सतरा तारखेच्या पत्रानंतर मी आमच्या सरांना विचारलं होतं, एका आईला तिचा आकडा हवाय, देता येईल का. त्यांनी विचारलं, "ती तुमची मैत्रीण आहे का?" मी हो म्हणाले. तर पुढचा अर्धा तास त्यांनी मला मैत्रिणीचा नमुना मुळात घेतलाच का यावर सुनावलं. तुझी बाटली बाद करायची गोष्ट निघाली. मी घाबरले आणि विषय सोडला, आणि तुला ते तुटक पत्र लिहिलं. तू त्यातून काय काढशील हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

आता कामाचं.

पाणी उकळून जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाण्याची वाफ होते आणि ते मागे उरतं, आणखी दाट. तू जितकी काळजी घेतलीस तितकं ते वाढलं. हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, डब्यावरही फक्त "उकळलेलं पाणी वापरा" एवढंच असतं. तेव्हा ते मनाला लावून घेऊ नकोस.

विहिरीतलं, टँकरमधलं आणि सोसायटीच्या नळाचं पाणी वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत भर. नमुने घरच्या कुणाला आणायला सांगू नकोस, स्वतः भर. पुण्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेचा पत्ता खाली देते. सरकारी कामात चालेल असा रिपोर्ट माग.

आणि ठकीला पुन्हा अंगावर लाव. दूध आटलं असेल तरी लाव. चोखल्याने परत येतं. पूर्ण नाही आलं तरी येतं. हॉस्पिटलात त्या विषयाच्या बाई असतात, त्यांना विचार. मला विचारू नकोस, कारण मी पुन्हा तेच वाक्य लिहीन.

सबा


वाघोली,
२६ मार्च

सबा,

रिपोर्ट आला. तिन्ही पाण्यांचा सारखाच: नायट्रेट मर्यादेच्या तिपटीहून जास्त. आश्चर्य कसलं? या जमिनीत आमच्या घराने पिढ्यान् पिढ्या ऊस आणि भाजी घेतली, पोत्यांनी युरिया ओतला. आता वरच्या अंगाला इमारती झाल्या, त्यांच्या संडासाच्या टाक्या जमिनीतच मुरतात. सगळं विहिरीत उतरतं, आणि ती विहीर आम्ही टँकरने त्याच इमारतींना विकतो.

आबांना मी रिपोर्ट वाचून दाखवला. रागावले नाहीत. हसले.

"माझा बाप याच हिरीचं पानी पिऊन नव्वदीला गेला. मी साठ वर्सं पितोय. साईनाथ याच पान्यावर वाढला."

मी म्हणाले, "आबा, साईनाथ अंगावर पीत होता. पाणी त्याच्या आईने पचवलं."

ते सासूबाईंकडे बघायला लागले. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. शेवटी आबा उठले. "ठकीला आजपासून बाटलीबंद पानी. म्हणशील ते आणतो. पर धंद्याचं बोलू नगं. मार्चात टँकर बंद केला तर लोक काय पितील? तुझी कागदं?"

तो प्रश्न खोटा नाही, हेच तर वाईट आहे. महापालिकेत गाव गेलं, पाइपलाइन आली नाही.

साईनाथ म्हणतो, "तुझं बरोबर आहे, पण आपलंच घर आहे." हे वाक्य तो रोज म्हणतो. त्याच्या पुढे काही येत नाही.

टँकरची नोंद जिथे होते त्या कार्यालयात गेले. साहेब निवडणुकीच्या कामाला. खालचा माणूस म्हणाला, "आचारसंहिता चालू आहे, मॅडम. जूननंतर या." मी म्हटलं, बाळं जूनपर्यंत दूध प्यायची थांबणार आहेत का? तो म्हणाला, अर्ज देऊन ठेवा. अर्ज घेतला, पोच दिली नाही. शिक्का साहेबांच्या कपाटात आहे.

मग आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, शरच्चंद्र काका. मूळचे सदाशिव पेठेतले, ते पावलोपावली सांगतात. रिपोर्ट चष्मा काढून वाचला आणि म्हणाले, "टँकरचे पाणी पिण्यासाठी नाही, हे आम्ही तळमजल्यावर लिहून ठेवले आहे. लिफ्टची वाट पाहताना लोकांनी वाचायचे असते." मी म्हटलं, काका, मग लोक काय पितात हे कोणी विचारलंय? ते म्हणाले, "ते लिहून ठेवण्याची जबाबदारी आमची. पिण्याची त्यांची."

ग्रुपवर मी टाकलं. तासात मेसेज गायब. ॲडमिनने खाजगीत लिहिलं, "ताई, दोन फ्लॅटची विक्री चालू आहे, प्लीज." त्याच्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला.

सबा, मी रोज ओरडून दमून घरी येते आणि ठकीला लावते. ती रागावते, कारण येत काही नाही, थेंब-थेंब. मीही रागावते. दोघी रडतो. परवा पहिल्यांदा तिने घोट गिळल्याचा आवाज आला.

पूर्णिमा


हैदराबाद,
३० मार्च

प्रिय पूर्णिमा,

तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं, नाव न घेता. म्हणाले, गंभीर आहे, पण आपला प्रकल्प दुधाचा आहे, पाण्याचा नाही. आपल्या लेटरहेडवर देता येणार नाही. मी म्हटलं, सर, ते बाळ दूधच पीत होतं. ते म्हणाले, "सबा, तुम्ही दमला आहात."

मी दमलेली नाहीये. मी चिडलेली आहे. वर्षभर इथे बसून आईच्या दुधात अणूएवढं काय आहे ते मोजतेय, आणि जे तांब्याने मोजता येतं ते कुणाच्याच प्रकल्पात बसत नाही.

समितीकडे मी अर्ज केलाय की ज्या आईला स्वतःचा आकडा हवा असेल तिला तो समजावून द्यावा. बैठक जुलैत. काय होईल ते होवो. तुझा आकडा मला अजूनही माहीत नाही. आता तरी विश्वास ठेव.

एक विचार करून बघ. तू सगळं पाणी बंद करायला निघालीयस, म्हणून सगळे दरवाजे बंद होतायत. आज धोका सगळ्यांना सारखा नाही. सहा महिन्यांच्या आतली, वरचं दूध पिणारी बाळं, त्यांनाच तो आहे. ती किती असतील? एका इमारतीत एखाद-दुसरं. त्यांना फक्त दूध कालवण्यापुरतं वेगळं पाणी लागेल. त्याला ना पालिका लागते, ना सेक्रेटरी. दार वाजवावं लागतं.

टँकरचं भांडण सोडू नकोस. पण ते जूनपर्यंत थांबेल. हे थांबणार नाही.

ठकीने घोट गिळला हे मी अम्मीला सांगितलं. तिने शेजारणीला सांगितलं. आता मोमिनपुऱ्यात सगळ्यांना माहीत आहे.

सबा


वाघोली,
२२ एप्रिल

प्रिय सबा,

ऑफिस सुरू झालं, म्हणून उशीर. ठकी आता निम्मं अंगावरचं पिते, निम्मं डब्याचं, तपासलेल्या पाण्यातलं. वजन पुन्हा चढायला लागलंय. जुलैत समिती हो म्हणाली तर मला आकडा कळव. मला तो अजूनही हवाय. त्याने काही बदलणार नाही हे आता ठाऊक आहे, तरी हवाय.

तुझं ऐकून मी दारं वाजवली. पहिल्या रविवारी एकटी गेले आणि वेडी होऊन परत आले. तीन घरांत वाटलं मी फिल्टर विकतेय. एकीने दाराच्या साखळीतूनच विचारलं, "तुम्ही टँकरवाल्यांच्या सूनबाई ना? मग काय, भाव वाढवायचाय का?" एक बाप चांगला शिकलेला, म्हणाला, "आम्ही उकळून वापरतो, डोंट वरी." मी समजावायला लागले तर त्याने घड्याळ बघितलं. सरळ चालत मळ्यात गेले आणि सासूबाईंपुढे बसून भडाभडा बोलले. आबा नव्हते. त्या ऐकत होत्या. शेवटी इतकंच विचारलं, "परत कधी जानार?"

पुढच्या रविवारी सकाळी त्या नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन आमच्या सोसायटीच्या फाटकाशी उभ्या. म्हणाल्या, "चल. मी बोलते, तू बाकीचं सांग."

मी म्हटलं, "आबांना सांगितलंय?"

"न्हाई. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

पहिल्याच मजल्यावर एक मुलगी, नागपूरकडची, नवरा आयटीत. दीड महिन्याची जुळी. दूध पुरत नाही म्हणून डबा. आत किटलीत पाणी उकळत होतं, मला दारातच आवाज आला. मी रिपोर्ट काढला, मर्यादा, नायट्रेट, सुरू केलं. तिची आई आतून आली, म्हणाली, "अहो, पण सोसायटीवाले म्हणतात पाणी चांगलं आहे. टँकरवाला पण म्हणतो, स्वतःच्या विहिरीचं आहे."

सासूबाई मध्ये बोलल्या. "ताई, तो टँकरवाला माझा मालक. हीर आमचीच हाय. म्या सून म्हनून त्याच पान्यावर आले. माझी नात त्यानं काळीनिळी पडली, ह्या डोळ्यांनी बघितली. तुम्ही प्या, आंगोळ करा. बाळाच्या दुधाला नगा घालू."

ती बाई आत गेली. किटली सिंकमध्ये ओतल्याचा आवाज आम्ही दारातूनच ऐकला.

त्या दिवशी आम्ही दोन इमारती केल्या. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. एकाने दार लावून घेतलं. शरच्चंद्र काकांनी खाली आम्हाला अडवलं: "परवानगीशिवाय घरोघरी फिरण्यास मनाई आहे, बोर्ड आहे." सासूबाईंनी बोर्डाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई," आणि जिना चढल्या.

आबांना दुपारपर्यंत बातमी गेली. संध्याकाळी मी ठकीला घेऊन मळ्यात गेले होते. ते अंगणात बसलेले. सासूबाईंना म्हणाले, "दारोदार जाऊन आपल्याच हिरीला शिव्या घातल्यास?"

त्या म्हणाल्या, "शिव्या न्हाई घातल्या. खरं सांगितलं."

"गिऱ्हाईक तुटलं तर?"

"तुटू दे की! लेकरू तुटन्यापरीस बरं."

आबा उठून आत गेले. जेवले नाहीत. टँकर दुसऱ्या दिवशीही निघाला, परवाही निघाला, आजही सकाळी फाटकात उभा होता. साईनाथ त्याच्यावर "पिण्यासाठी नाही" असं रंगवून घ्यायचं म्हणतोय. आबा हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. कार्यालयात माझ्या अर्जाला अजून पोच नाही. मी कुठेही जिंकलेली नाही, सबा, हे तुला कळावं म्हणून लिहितेय, नाहीतर तू खालांना सांगशील आणि मोमिनपुऱ्यात पेढे वाटले जातील.

काल रविवार. आम्ही तिसरी इमारत संपवून उतरलो. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, पायरीवर बसल्या. मी म्हटलं, आता घरी जाऊ. त्यांनी रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीकडे बोट केलं.

"तिथंबी आपलाच टँकर जातो," म्हणाल्या, आणि माझा हात धरून उठल्या.

तुझी,
पूर्णिमा